गच्चीवरील ठिबक व घड्याळ-चिप

परळ, लालबाग, दादर येथे गच्चीवर भाजीपाला घेणारे अनेक बागायतदार ठिबकची विद्युत झडप वेळेवर उघडणारे यंत्र लॅमिंग्टन रोडवरील सुट्या भागांतून स्वतः जुळवितात. डीएस ३२३१ ही घड्याळ-चिप, स्मृति-चिप व हवेतील आर्द्रतेचा संवेदक ही सर्व त्यात दोनच तारांवर बसतात. एक तार ठेक्याची, दुसरी माहितीची. चाळीतील खोल्यांप्रमाणे प्रत्येकीस क्रमांक असतो. घड्याळाचा क्रमांक १०४ असून तो बदलता येत नाही. म्हणून त्याच क्रमांकाचे दुसरे उपकरण त्या तारांवर घेऊ नये.

तथापि खरा घोटाळा तारांच्या लांबीने होतो. एका गच्चीवर संवेदक वाफ्यात ठेवण्यासाठी १२ मीटर तार ओढलेली मी पाहिली. या तारांवरील दाब केवळ रोधकामार्फत वर चढतो. तार लांबली की तिची विद्युत-धारिता वाढते व चढ मंदावतो. ४०० पिकोफॅरड ही नेहमीची मर्यादा होय. त्या रात्री संदेश अर्धवट राहिला, संवेदकाने माहितीची तार दाबून धरली आणि शेजारचे निर्दोष घड्याळही वाचता येईना. आज्ञावली वाट पाहत थांबली, झडप उघडीच! पहाटे इमारतीची सामायिक टाकी कोरडी होती. शेजाऱ्यांचा रोष मात्र मेथीवर!

म्हणून घड्याळ नियंत्रकाच्याच पेटीत ठेवावे व दूरच्या संवेदकास आरएस-४८५ जोडणी द्यावी. नियंत्रकातील वॉचडॉग टायमर चालू ठेवावा आणि नियंत्रक पुन्हा सुरू होताच प्रथम झडप बंद होईल अशी आज्ञावली लिहावी.