हातात एक्क्यांची जोडी आली की...

चि. भाच्यास,



परवा ताईचा फोन आला. "दोन एक्के येऊनही मी हरतोच," हे तुझं रडगाणं तिच्याकडून मामापर्यंत पोचलं. मामाने तुझे पत्ते सोडवावेत, असं तिचं म्हणणं. मामाचं मत थोडं वेगळं आहे: पोरगं खेळणारच असेल, तर निदान हिशेब शिकून खेळावं.

तर हिशेब असा. टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं उपडी मिळतात आणि टेबलावर सर्वांसाठी पाच उघडली जातात: आधी एकदम तीन (फ्लॉप), मग चौथं (टर्न) आणि शेवटी पाचवं. ५२ पानांतून दोन पानं १,३२६ प्रकारे येऊ शकतात आणि त्यांत एक्क्यांची जोडी फक्त सहा प्रकारे जमते. म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा. राजांच्या जोडीचंही तेच. एक्का-राजा १६ प्रकारे जमतो, म्हणून तो साधारण ८३ डावांत एकदा दिसतो. एवढी वाट पाहिल्यावर मोठी पानं आली, की नवख्याचे हात शिवशिवतात आणि तो दोनपैकी एक घोटाळा करतो. एक तर पानं लपवतो, नाही तर ती शेवटपर्यंत सोडत नाही.

लपवण्याचा घोटाळा जास्त महाग पडतो. "आत्ताच रेझ केलं तर सगळे पळतील," या भीतीने तो नुसता कॉल करतो आणि मागचे चारजण स्वस्तात आत शिरतात. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हातासमोर शंभरात ८५ वेळा जिंकते. दोघांसमोर हा आकडा ७३ वर येतो, चौघांसमोर ५६ वर आणि नऊ जणांसमोर तर जेमतेम ३१ वर. पानं तीच, फक्त गर्दी वाढली.

आता चिप्स मोजू. ब्लाइंड, म्हणजे दोघांनी आधीच टाकायच्या सक्तीच्या रकमा, १०० आणि २०० आहेत. तू ६०० चं रेझ केलंस आणि फक्त बिग ब्लाइंडने कॉल केलं, तर पॉटमध्ये १,३०० जमतात आणि समोर एकच जण उरतो. तू नुसते २०० टाकलेस आणि तू आणि दोन्ही ब्लाइंड धरून पाचजण आत आले, तर पॉट १,००० चा आणि समोर चौघे. पैसे कमी, शत्रू जास्त!

म्हणून मोठी जोडी आली की आधी रेझ. बिग ब्लाइंडच्या अडीच-तीन पट, आणि आधी कोणी नुसता कॉल करून बसला असेल तर त्याच्यामागे आणखी एक ब्लाइंड. आधीच कोणी रेझ केलं असेल, तर त्याच्या सुमारे तिप्पट री-रेझ. रकमेचं माप मात्र पानांवरून बदलायचं नाही. एक्क्यांना ८०० आणि दश्श्यांना ५०० असा शिरस्ता पडला, तर टेबलावरच्या जुन्या खोडांना तो ओळखायला वेळ लागत नाही.

सगळी मोठी पानं एका तोलाची नसतात. राजांची जोडी धरलेल्याला फ्लॉपवर शंभरात २३ वेळा एक्का दिसतो. राण्यांच्या जोडीपेक्षा मोठं पान ४१ वेळा येतं आणि गुलामांच्या बाबतीत ५७ वेळा. एक्का-राजा दिसायला राजेशाही, पण फ्लॉपवर त्याची जोडी किंवा त्याहून बरं काही तीनपैकी एकदाच जुळतं. राण्यांच्या जोडीसमोर तो थोडा मागेच असतो, शंभरात ४३ ते ४६. त्याचा खरा फायदा वेगळा आहे. एक एक्का आणि एक राजा तुझ्या हातात असल्यामुळे समोरच्याकडे एक्क्यांची जोडी सहाऐवजी तीनच प्रकारे येऊ शकते, राजांचीही तीनच. म्हणूनच तो फ्लॉपआधी जोरात खेळावा आणि काही जुळलं नाही तर मुकाट्याने सोडावा.

मग छोट्या पानांचं काय? पोकरपटू डॉयल ब्रन्सनने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं पोकरच्या जागतिक स्पर्धेचा शेवटचा डाव दश्शी-दुर्रीवर जिंकला. ती गोष्ट ऐकून काही मंडळी भरल्या टेबलावर वाटेल ती पानं खेळतात. तिथे दोघंच उरले होते, हे ते विसरतात.

दुसरा घोटाळा जोडी न सोडण्याचा. एक्केही हरतात, हे नवखा विसरतो. २०१७ च्या जागतिक स्पर्धेत पहिल्याच दिवशी व्हनेसा सेल्ब्स्टकडे एक्क्यांची जोडी होती. टेबलावर एक्का आणि दोन सत्त्या आल्या, म्हणजे तिचं फुल हाऊस झालं. समोर गाएल बोमानकडे उरलेल्या दोन्ही सत्त्या होत्या. सेल्ब्स्ट स्पर्धेबाहेर गेली. २०१४ साली १० लाख डॉलर प्रवेशशुल्काच्या स्पर्धेत कॉनर ड्रिनन आणि कॅरी कॅट्झ या दोघांकडेही एक्केच होते. टेबलावर चार बदाम पडले, बदामचा एक्का कॅट्झकडे होता आणि ड्रिननला घरी जावं लागलं. असे डाव कोणालाही टाळता येत नाहीत. पण आपल्याकडे नुसती जोडी, टेबलावर ८-९-१० एकाच रंगाचे आणि एरवी गप्प बसणारा माणूस टर्नवर अचानक मोठं रेझ करतो, अशा वेळी एक्के टाकता येतात आणि टाकावेत.

पैशांचंही सांगून ठेवतो. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, तेव्हा फोनवरचा तो नाद बंद. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींवर पोकरची टेबलं आहेत, पण २१ पूर्ण होईपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. तोवर मित्रांमध्ये चिंचोके लावून खेळ.

आणि एक वही कर. मोठी पानं आलेल्या प्रत्येक डावासाठी चार गोष्टी लिही: बसायची जागा, रेझ किती, फ्लॉप पाहायला किती जण उरले आणि पैसे कुठल्या पानावर गेले. दिवाळीला येशील तेव्हा ती घेऊन ये. तिसऱ्या रकान्यात चार-पाचचे आकडे किती दिसतात, ते आपण आधी पाहू.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा