जुन्या डेस्कटॉपची रॅम वाढवताना : आधी मोजा, मग विकत घ्या



करमाडसारख्या गावात घरी येणारा पहिला कॉम्प्युटर पुष्कळदा सेकंडहँड असतो. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, ४ जीबी रॅमचा. चार दिवस बरा चालतो, मग ब्राउझर उघडला की अडकायला लागतो. "सर, रॅम टाकू का?" हा प्रश्न तेव्हा येतो. टाका, पण आधी पाहा. चुकीची पट्टी आणली तर जालना रोडने संभाजीनगरला पुन्हा चक्कर, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढलेले आहेत.

पहिलं काम, मोजणं. नेहमीची कामं उघडी ठेवा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'मधलं 'मेमरी' बघा. वापर ९० टक्क्यांच्या आसपास अडकून बसत असेल तर रॅम खरंच कमी पडतेय. मेमरी अर्धी रिकामी आणि 'डिस्क' मात्र १०० टक्के असेल, तर दोष बहुधा जुन्या हार्डडिस्कचा. तिथे तेच पैसे एसएसडीला घालावेत. इथे एक गोम आहे बरं का. रॅम भरली की विंडोज जादा माल डिस्कवर ठेवू लागतं, त्यामुळे डिस्कही १०० टक्के दिसते. म्हणून आधी मेमरी, मग डिस्क, याच क्रमाने पाहायचं.

त्याच पानावर रॅमचा वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसतं. विंडोज ३२ बिटचं आहे का, हे 'सेटिंग्ज'मधल्या 'अबाऊट'मध्ये तपासा. असेल तर कितीही रॅम लावली तरी ४ जीबीच्या पुढे उपयोग नाही, प्रत्यक्षात साडेतीनच्या आतबाहेरच वापरता येते. आधी ६४ बिट विंडोज टाकावं लागेल. आणि रॅम वाढवली म्हणून जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालेल, असं नाही. त्याची प्रोसेसरची अट वेगळी आहे.

आता प्रकार. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या एकमेकींच्या जागी बसतच नाहीत. डीडीआर३ ला २४० पिना, पुढच्या दोघींना २८८, पण प्रत्येकीची खाच वेगळ्या ठिकाणी. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट मोडेल. डेस्कटॉपची पट्टी सव्वातेरा सेंटिमीटर लांब असते, लॅपटॉपची साधारण निम्मी. काही अगदी छोट्या ऑफिस पीसीत मात्र लॅपटॉपचीच लागते, म्हणून झाकण उघडून बघा. जुन्या पट्टीवरच्या स्टिकरचा फोटो काढून दुकानात न्या, सगळ्यात सोपं.

दुकानात ८ जीबी डीडीआर३ फारच स्वस्त मिळाली तर थांबा. बाजारात 'फक्त एएमडी'साठीच्या पट्ट्या फिरतात, त्या इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत. सर्व्हरमधून काढलेली 'रजिस्टर्ड' रॅमही साध्या डेस्कटॉपला चालत नाही.

किती घ्यायची? समजा तुमच्याकडे एच६१ चिपसेटचा, दोन स्लॉटचा बोर्ड आहे, डीडीआर३ ची १६०० वेगाची ४ जीबीची एक पट्टी आहे. तसलीच दुसरी घेतली की ८ जीबी होतात आणि दोन्ही पट्ट्या एकदम काम करतात, यालाच ड्युअल चॅनल म्हणतात. एका पट्टीची वाट सेकंदाला १२.८ जीबीची, दोघींची मिळून २५.६ ची. एका पदरी रस्त्याचा दुपदरी झाला म्हणा ना! वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला याचा फायदा जास्त, कारण चित्रं दाखवायलाही तीच रॅम वापरली जाते. वेग वेगवेगळे असतील तर दोघी कमी वेगाने चालतील, नुकसान काही नाही. एमएस-सीआयटी, टायपिंगचा सराव, ऑनलाइन क्लास यांना माझ्या मते ८ जीबी पुरे. १६ चा हट्ट व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने धरावा. चार स्लॉट असतील तर जोडी कुठल्या दोनांत लावायची हे बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत पाहा, शेजारी-शेजारी लावून नेहमीच चालत नाही.

बसवताना मशीन बंद करा, भिंतीचं बटण बंद करून वायर काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच पट्टी कडेने धरा. खाच जुळवा, दोन्ही टोकं सारखी दाबा, क्लिप 'कट्ट' वाजली पाहिजे.

चालू केल्यावर नुसते बीप आले आणि स्क्रीन काळीच राहिली, तर घाबरू नका. वीज बंद करून पट्टी काढा, सोनेरी कडा स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलक्या पुसा, कण झटका, परत बसवा. तरीही तेच, तर एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून दोष कुठे आहे ते शोधा. मशीन सुरू झालं तरी रात्री 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' लावून ठेवा. त्यात चूक दिसली तर बिलासकट पट्टी त्याच आठवड्यात दुकानात परत न्या.