घर शाकारणीचा पैसा

आपल्या पालघर-बोईसरकडे पाऊस भारी. म्हणून वैशाखात घर शाकारतात. फुटकी कौले बदलायची, किडके वासे काढायचे. हा खर्च दर सालचा. भात विकले की लगेच तो बाजूला काढावा. लग्नसराईत हाती पैसा राहतो का?

पत्र्याचे निराळे. तारापूर-चिंचणीला खारा वारा. पत्रा लवकर गंजतो. मग एकदम सगळाच बदलावा लागतो. तेव्हा कर्ज नको. आम्ही हिशेब मांडतो. पत्र्याला ६,००० रुपये लागतील असे धरा. पोस्टात आवर्ती ठेवीचे खाते काढा. दरमहा १०० रुपये, ५ वर्षे. ६० हप्त्यांचे ६,००० झाले, वर व्याज. भाव वाढतात, म्हणून १५० जमले तर बरे. पत्रा नवा असतानाच सुरू करा. गळू लागल्यावर पाच वर्षे कोण थांबणार?