‘पोरगं हाताबाहेर गेलं’ म्हणण्याआधी



गेल्या पावसाळ्यात घाटकोपर पूर्वेच्या एका विहारात आम्ही रक्तदाब तपासणीचे शिबिर घेतले. रांगेतल्या एका ताईंचा रक्तदाब बराच वाढलेला निघाला. गोळी रोज घ्यावी लागेल, असे सांगायला सुरुवात केली तर त्या म्हणाल्या, "सिस्टर, गोळी माझ्या पोराला द्या. तो सुधरला की माझं प्रेशर आपोआप उतरेल." मुलगा तिसरीत. मारामारी करतो, शिव्या देतो, उलट उत्तरे देतो, अशी शाळेतून रोज तक्रार. घरी पट्टा झाला, लाटणे झाले, गावी आजीकडे पाठवून झाले. शेवटी शाळेत सगळ्यांसमोर ऐकावे लागले, "तुमच्या वस्तीतली पोरं अशीच."

हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ प्रमाणे शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींना मनाई आहे. त्यामुळे आम्ही तिघीजणी ताईंबरोबर शाळेत गेलो आणि बोललो. पण अशा अपमानाचा राग संध्याकाळी मुलाच्याच पाठीवर उतरतो, हेही आम्ही वस्तीत पाहत आलो आहोत. म्हणून घरातल्या बाजूविषयी आज लिहितो आहोत.

ताईंनी मागितलेली गोळी नाही. हट्ट, आदळआपट, मारामारी, न ऐकणे यांवर जगात सर्वात जास्त तपासून पाहिलेला उपाय आहे तो पालकांच्या प्रशिक्षणाचा. हे ऐकून पुष्कळ आया दुखावतात. "म्हणजे चूक आमचीच का?" असे विचारतात. तसे नाही. कसे ते सांगतो.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जेराल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे लोकांच्या घरी बसून आईबाप आणि मुले एकमेकांशी कशी वागतात याच्या बारीक नोंदी केल्या. १९८२ मध्ये त्यांनी पुस्तकातून जे मांडले ते आपल्या गल्लीतही दिसते. चार घरची धुणीभांडी करून आई सहा वाजता घरी येते. पाण्याची वेळ झालेली. मुलगा मोबाइल मागतो, आई नाही म्हणते. तो ओरडतो, ती त्याहून मोठ्याने ओरडते. तो भांडे आपटतो, शेजारीण डोकावते. "घे बाबा एकदाचा!" म्हणून आई मोबाइल देते आणि घर शांत होते. इथे दोघेही शिकले. आपटल्यावर मिळते हे मुलगा शिकला. दिले की गप्प बसतो हे आई शिकली.

दुसऱ्या दिवशी आई हात उचलते. मुलगा गप्प होतो. मार लागू पडला असे आईला वाटते, आणि ज्याच्या अंगात जोर त्याने मारायचे असते, हे मुलगा शिकतो. काही दिवसांनी एका धपाट्याने भागत नाही. आईचा हात जड होत जातो, मुलाची आदळआपट वाढत जाते. मग तोच मुलगा वर्गात आपल्याहून लहानाला मारतो. या सगळ्यात वाईट माणूस कोणी नाही. दोघे एका सापळ्यात अडकले आहेत, आणि त्यातला मोठा माणूस आधी बाहेर पडू शकतो. म्हणून प्रशिक्षण मोठ्यांना.

मारणे ही काही एकट्या आपल्या वस्तीची गोष्ट नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मार सोसला होता. घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईबापच होते.

प्रशिक्षणात काय करतात? सिएटलच्या कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन या आमच्याच पेशातल्या, परिचारिका. १९८० च्या सुमारास त्यांनी आईबापांचे छोटे गट करून त्यांना घरातल्या प्रसंगांच्या छोट्या चित्रफिती दाखवायला सुरुवात केली. आई काय म्हणाली, मूल काय म्हणाले, दुसरे काय म्हणता आले असते, यावर आईबाप आपसांत बोलत. असे आठवड्यातून एकदा, काही महिने. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की पहिल्या काही आठवड्यांत शिस्तीचे नावही निघत नाही. आधी फक्त खेळ.

रोज दहा मिनिटे मूल म्हणेल तो खेळ खेळायचा. त्यात शिकवायचे नाही, चुका काढायच्या नाहीत, पाढे विचारायचे नाहीत, मोबाइल बाजूला ठेवायचा. विहारात हे सांगितल्यावर बायका हसल्या. "दहा मिनिटं आणू कुठून?" मग त्यांनीच वाटा काढल्या. कोणी पोळ्या लाटताना मुलाला कणकेचा गोळा दिला आणि तो काय बनवतो ते पाहत त्याच्याशी बोलली. कोणी शाळेत सोडताना रिक्षांचे नंबर ओळखायचा खेळ केला. पंधरा दिवस मार खाल्लेले मूल एकदम खेळायला येत नाही, संशयाने पाहते. येऊ द्यावे हळूहळू.

त्यानंतर कौतुक. आपल्याकडे कौतुक केले की पोरगं डोक्यावर बसेल अशी भीती असते. पण नुसते "शहाणं बाळ" म्हणण्यापेक्षा "चप्पल जागेवर ठेवलीस, बरं वाटलं" असे नेमके म्हटले की काय पुन्हा करायचे ते मुलाला कळते. सूचनाही तशीच, जवळ जाऊन, नाव घेऊन, एका वेळी एकच. "आदळू नको" यापेक्षा "ताट हळू ठेव".

किरकिर आणि ओरडा यांकडे दुर्लक्ष करायचे, हा पुढचा भाग आणि सर्वात अवघड. दुर्लक्ष सुरू केले की पहिले काही दिवस मूल पूर्वीपेक्षा जास्त ओरडते, कारण आजवर चालणारी युक्ती चालेनाशी झालेली असते. नेमक्या याच वेळी आया हार मानतात. पाचव्या दिवशी मोबाइल दिला तर पाच दिवस ओरडायचे असते एवढेच मूल शिकते. परदेशी पुस्तकात मुलाला दुसऱ्या खोलीत बसवा असे लिहिलेले असते. आपल्या दहा बाय बाराच्या घरात दुसरी खोली म्हणजे गल्ली! आम्ही तोंड फिरवून तांदूळ निवडत बसायला सांगतो, आणि शेजारणीला आधी सांगून ठेवायला सांगतो, म्हणजे ती मध्ये पडून खाऊ देणार नाही. आजी-आजोबांनाही सांगावे लागते. आई नाही म्हणाली आणि आजीने पदराची गाठ सोडून दहा रुपये दिले, तर सगळे वाया. मात्र मूल दुसऱ्याला मारत असेल, गॅसपाशी किंवा रस्त्यावर धावत असेल, तर दुर्लक्ष नाही, लगेच धरायचे.

याचा उपयोग होतो का? २०१२ मध्ये कोक्रेन या संशोधकांच्या संस्थेने ३ ते १२ वर्षांच्या मुलांच्या पालकगटांवरचे १३ प्रयोग एकत्र तपासले. मुलांचे त्रासदायक वागणे कमी झाले, पालकांचे कठोर वागणे कमी झाले, पालकांची मनःस्थितीही सुधारली. हा फायदा पुढे किती वर्षे टिकतो याचा पुरावा मात्र त्यात पुरेसा नव्हता. ऑक्सफर्डच्या फ्रान्सेस गार्डनर आणि सहकाऱ्यांनी युरोपातील प्रयोगांची माहिती एकत्र केली, तेव्हा गरीब घरांतल्या मुलांना इतरांपेक्षा कमी फायदा झाला असे दिसले नाही. आई जास्त खचलेली होती तिथे मुलांना उलट अधिक फायदा झाला. ‘हे शिकलेल्या, पैसेवाल्यांचे चोचले’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आमचे डोळे उघडले ते दुसऱ्या एका निष्कर्षाने. २००८ मध्ये जेनिफर कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी ७७ अभ्यास पडताळून पाहिले. जिथे पालकांनी सत्रातच स्वतःच्या मुलाबरोबर सराव केला, तिथे परिणाम जास्त होता. आम्ही मात्र कित्येक वर्षे विहारात माइक घेऊन ‘मुलांना मारू नका’ असे भाषण देत होतो. सगळ्या माना डोलवत आणि घरी जाऊन मारत. आता मुलांनाही बरोबर बोलावतो आणि सतरंजीवरच सराव करतो.

डॉक्टरच हवा असेही नाही. गोव्यात संगाथ संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीत मिळून स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी असाच प्रयोग झाला, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते घरी जात, पालक आणि मूल खेळतानाचे चित्रण त्याच पालकांना दाखवत. ती मुले पालकांशी आपणहून अधिक संवाद साधू लागली. दक्षिण आफ्रिकेत ५५२ कुटुंबांबरोबर स्थानिक लोकांनीच गट चालवले. तिथे पालकांनी मारणे कमी झाल्याचे सांगितले, पण किशोरवयीन मुलांना विचारले तेव्हा मारात तेवढा फरक आढळला नाही. म्हणून आम्ही आता आईला विचारून थांबत नाही, मुलालाही बाजूला घेऊन विचारतो.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. नवरा रोज दारू पिऊन मारत असेल त्या बाईला ‘दहा मिनिटे खेळ’ सांगणे ही क्रूर थट्टा आहे. तिथे आधी तिची आणि मुलांची सुरक्षा. बाप येत नाहीत ही आमची नेहमीची तक्रार आहे. मूल आईने बिघडवले म्हणायला मात्र सगळे पुरुष हजर असतात.

प्रत्येक न ऐकणारे मूल हट्टीच असते असेही नाही. आमच्या गटातल्या एका मुलीला एका कानाने ऐकूच येत नव्हते. कान सतत वाहत होता, आणि ती ‘मुद्दाम दुर्लक्ष करते’ म्हणून मार खात होती. मूल बोलायला उशीर करत असेल, नजर देत नसेल, अक्षरे उलटी लिहीत असेल, एकाएकी गप्प किंवा रागीट झाले असेल, अंथरूण ओले करू लागले असेल, तर आधी तपासणी. शीव, केईएम, कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत बालरोग आणि मनोविकार विभाग आहेत. मनावरच्या ताणासाठी १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक विनामूल्य आहे, मराठीत बोलता येते. मुलावर कोणी अत्याचार करत असल्याची शंका आली तर १०९८.

त्या ताई सलग आठ रविवार मुलाला घेऊन आल्या. दोन वेळा त्याचे वडीलही आले, दाराशी उभे राहिले, शेवटी सतरंजीवर बसले. शाळेची तक्रार अजून येते. पूर्वी रोज यायची, आता महिन्यात दोन-तीनदा. पट्टा माळ्यावर टाकला आहे असे ताई सांगतात, आणि मुलगाही तसेच सांगतो. ताईंचे प्रेशर मात्र आपोआप उतरलेले नाही. गोळी बंद करायची नाही, हे आम्ही त्यांना दर रविवारी सांगतो.