शाळेसाठी जुनी पेटी घेताना



परिपाठाला राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रार्थना हे सगळं आता बऱ्याच शाळांत मोबाईल आणि ब्लूटूथ स्पीकरवर चालतं. त्यात गाणं थांबत नाही, मुलं मागे राहिली तरी पुढे जातं. पेटी मात्र मुलांसाठी थांबते. म्हणून शाळेत पेटी हवी, असं माझं मत आहे. प्रश्न पैशाचा असतो. आमच्याकडे लोकसहभागातून ७००० रुपये जमले होते. त्यात शंभर-पन्नास देणारे बरेचसे पालक रोजंदारीवर जाणारे. त्यांच्या पैशातून न वाजणारी पेटी आणून कपाटावर ठेवणं बरं दिसत नाही. एवढ्या रकमेत चांगली नवी पेटी बसेना, म्हणून जुनी शोधली. त्या शोधात जे कळलं ते इथे लिहिते.

आधी काय नको ते ठरवा. दुकानदार स्केल चेंजर दाखवतो. म्हणजे पट्ट्यांची अख्खी रांग सरकवून पट्टी बदलायची सोय. ज्याला एकाच बोटांच्या सवयीवर वेगवेगळ्या गायकांना साथ करायची आहे त्याला ती लागते. आपल्याला नाही. वजन वाढतं, किंमत वाढते आणि बिघडायला एक भाग जास्त. कप्लरचंही तेच. शाळेला साधी, दोन सुरांची, म्हणजे खर्ज आणि नर अशा दोन ओळींची पेटी पुरते. ३९ पट्ट्या भरपूर झाल्या. ३९ पट्ट्यांच्या दोन सुरी पेटीत ७८ पितळी सूर असतात, आणि जुनी पेटी घेताना खरा माल हाच. बाहेरचं पॉलिश बघू नका. सूर पालिताण्याचे आहेत का हे जरूर विचारा. गुजरातमधलं हे गाव सुरांसाठी नावाजलेलं आहे. पण विकणारा प्रत्येक जण 'हो' म्हणतो, त्यामुळे कानावरच भरवसा ठेवा.

आता तपासणी. घाईने 'सा रे ग म' वाजवून पाहण्यात काही अर्थ नाही. आधी सगळ्या खुंट्या बंद करा आणि भाता चार-पाच वेळा मारा. पोटातला भाता भरला की बाहेरचा भाता हाताला विरोध करायला लागतो. तो सहज मिटत राहिला तर हवा कुठेतरी निसटते आहे. भात्याच्या घड्यांजवळ तळहात धरा, झुळूक लागते. मग एकच खुंटी ओढा, एकही पट्टी दाबू नका आणि पुन्हा भाता मारा. पेटी गप्प राहिली पाहिजे. एखादा सूर आपोआप गुणगुणला, तर त्या पट्टीखालचं चामडं नीट बसत नाही किंवा स्प्रिंग सैल आहे. हे दुरुस्त होतं, घाबरायचं कारण नाही, फक्त भावात धरायचं. त्यानंतर खालच्या टोकापासून वरपर्यंत एकेक पट्टी, काळ्यासुद्धा, आणि प्रत्येक ओळ वेगळी. खर्जाचे सूर जाड असल्याने जरा उशिरा बोलतात, पण बोलले पाहिजेत. भाता पूर्ण भरून एक सूर दाबून धरा आणि मनात सावकाश दहा आकडे मोजा. त्याआधीच दम सुटला तर मी ती पेटी ठेवून देते.

शेवटी मधला सा आणि वरचा सा एकत्र दाबा. सूर जुळलेला असेल तर आवाज सरळ जातो. नसेल तर त्यात लाटा येतात, थरथर जाणवते. गाण्याचं शिक्षण नसलेल्या माणसालाही ही थरथर ऐकू येते. मोबाईलवरचं ट्यूनर ॲप असेल तर अजून सोपं.

नंतर विकणाऱ्यालाच पेटी उघडून दाखवायला सांगा. सूर लावताना कारागीर पितळी जीभ खरवडतो: टोकाकडे खरवडली की सूर चढतो, मुळाकडे खरवडली की उतरतो. ओरखडे फार दिसले तर ती पेटी पुष्कळदा लावून झालेली आहे, जिभा पातळ झाल्या आहेत. धूळ बसून मुका झालेला सूर, तुटलेली एखादी जीभ, भात्याला ठिगळ ही कामं फारशी मोठी नाहीत. सुरांच्या फळीलाच चीर असेल, वाळवी असेल किंवा उंदराने आतलं चामडं खाल्लेलं असेल तर कितीही स्वस्त मिळो, हात जोडा.

भजनी मंडळं नवी पेटी घेतात तेव्हा जुनी निघते. अशा पेट्यांच्या मधल्या सप्तकातल्या पट्ट्या झिजलेल्या असतात, पण पेटी रोज वाजलेली असते, आणि बंद पडून राहिलेल्या पेटीपेक्षा मला ती बरी वाटते. दुरुस्तीवाल्याकडे गणपतीच्या आधी जाऊ नका, त्याला मान वर करायला फुरसत नसते. सूर लावून देण्याचे पैसे किमतीतच धरायचे हे आधी बोलून घ्या. पावती शाळेच्या नावाने घ्या आणि डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करा. लोकसहभागाचा हिशोब विचारला जातो, आणि विचारलाच पाहिजे.

काही जण विचारतात, कीबोर्ड का नाही? कीबोर्ड बेसूर होत नाही, हे खरं. पण वीज किंवा सेल लागतात, आणि आतली सर्किटची पाटी गेली की तालुक्याला दुरुस्त करणारा मिळेलच असं नाही. शिवाय पेटी उघडली की परिसर अभ्यासाचा एक तास तयार असतो. हवा, कंपन, लांब जिभेचा आवाज खालचा आणि आखूड जिभेचा वरचा, हे मुलं डोळ्यांनी बघतात. पेटीला नावं ठेवणारे पूर्वीपासून आहेत. तिच्यात श्रुती नाहीत, मींड येत नाही या कारणांवरून आकाशवाणीने १९४० ते १९७१ पर्यंत तिला दूर ठेवलं होतं. शास्त्रीय गायकांचा तो वाद त्यांच्या जागी बरोबर असेल. आपल्याला साठ मुलं एका सुरात उभी करायची आहेत.

एक गोष्ट मात्र पुरुष शिक्षकांना सांगायची राहिली. तुमची पट्टी काळी १ असेल, पण त्या पट्टीत मुलांना खालचे स्वर लागत नाहीत, ती नुसती पुटपुटतात. काळी ४ च्या आसपास धरून बघा आणि मुलं जिथे मोकळी गातात तिथे थांबा.

आणल्यावर पेटी ओलीच्या भिंतीला टेकवू नका, विशेषतः पावसाळ्यात. वाजवून झाली की खुंट्या बंद, भाता मिटून कडी लावलेली, वर जाड कापड. उचलताना भात्याला धरायचं नाही. आमच्याकडे हे काम चौथीच्या दोन मुली करतात, आणि भात्याला कोणी हात लावला की गुरुजींनासुद्धा ओरडतात.