सवलतीचा दाखला आणि बाप्तिस्म्याची वही

अनुसूचित जातींविषयीचा जो हुकूम १९५० साली राष्ट्रपतींच्या सहीने निघाला, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारास त्या जातींच्या सवलतींतून वगळले. पुढे १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना त्यात स्थान मिळाले, ख्रिस्ती मनुष्य मात्र बाहेरच राहिला. ज्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ पासून चालत आले आणि ज्यांच्या पणज्या-आज्यांनी गावकुसाबाहेरून येऊन बाप्तिस्मा घेतला अशी कितीतरी घराणी नांदतात, तेथे तहसील कचेरीत कारकुनी करताना मी या हुकमाची झळ जवळून पाहिली. कारण गावातील जाच धर्म विचारून थांबत नसे, सवलत तेवढी धर्म विचारून मिळे.

'दाखल्यावर हिंदू, रविवारी ख्रिस्ती' हा तोडगा एका हितचिंतकाने मलाही सुचविला होता. मी तो नाकारला; माझ्यामागून लागलेले माझे साहेब झाले आणि मी कारकून म्हणूनच निवृत्त झालो. आमच्या मंडळीतील एका हुशार तरुणाने तो पत्करला, चांगली नोकरी मिळविली, आणि बऱ्याच वर्षांनी जात पडताळणीची नोटीस आली तेव्हा बाप्तिस्म्याच्या वहीतले त्याच्या नावाचे पान गहाळ झाल्याचे लिहून द्यावे, अशी पाळकसाहेबांची विनवणी करीत तो आला. एकट्याने घेतलेला लाभ टिकविण्यासाठी आता पाळकाने, पंचांनी, साक्षीदारांनी, सर्वांनीच खोटे बोलावयाचे होते. पाळकसाहेबांनी नकार दिला व नोकरी गेली. महाराष्ट्राच्या २००० सालच्या कायद्याने अशा प्रकरणी कैदेचीही तरतूद केली आहे.

तरीही त्या तरुणाविषयी कठोर बोलणे मला जमत नाही. बायबलातील शौल राजाने शमुवेल संदेष्ट्याची वाट पाहिली नाही असे आपले उपदेशक सांगतात, परंतु गिलगालात सैन्य पांगत असताना त्याने पुरे सात दिवस काढले होते; होमबली स्वतः अर्पून तो मोकळा होतो न होतो तोच शमुवेल येऊन पोहोचला. धीर सुटतो तो बहुधा असा अगदी शेवटच्या घटकेला, आणि म्हणून अशा घटकेस मंडळीने त्या माणसाला एकटे सोडू नये, त्याच्या मुलांच्या फीची सोय करावी, असे माझे मत आहे.

देवावर भिस्त ठेवणे म्हणजे हात जोडून गप्प बसणेही नव्हे. धर्माची ही अट काढून टाकावी अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली केली, आणि सर्वोच्च न्यायालयातही हा प्रश्न २००४ पासून दाखल आहे. तेव्हा उघडपणे अर्ज करावेत, सह्या द्याव्यात, दाद मागावी. मात्र मुलाचे नाव शाळेत घालताना धर्माच्या रकान्यात जे खरे आहे तेच लिहा; पुढची सारी कागदपत्रे त्या एका नोंदीवरून तपासली जातात.