दोन बेटांची शहरे

मागच्या पाठात आपण गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य यांची माहिती वाचली. तेव्हा वर्गात एका शेतकरी दादांनी विचारले, "गुर्जी, आपला कापूस मुंबईले जाते, आपला पोरगा मुंबईले जाते. मग मुंबई आपलीच म्हणायची ना?" प्रश्न साधा वाटतो. पण याच प्रश्नावर महाराष्ट्रात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले आहेत. म्हणून आजचा पाठ जरा सावकाश वाचू.

बेट म्हणजे चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन. पावसाळ्यात नाल्याला दोन फाटे फुटतात आणि मधे एक उंचवटा कोरडा राहतो, तसे समजा. फक्त भोवती नाल्याऐवजी समुद्र. मुंबई ही अशी एक नव्हे, सात बेटे होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. भरती आली की मधे पाणी, ओहोटी लागली की चिखल. तेथे कोळी लोक मासे धरून राहत. मुंबादेवीवरून गावाला मुंबई हे नाव पडले.

१५३४ साली गुजरातच्या सुलतानाने ही बेटे पोर्तुगीजांना दिली. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचे लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरले, तेव्हा पोर्तुगीजांनी ती आंदण म्हणून दिली. आपण गाय आंदण देतो, त्यांनी बेटे दिली! राजाला त्यांचे काय करावे ते सुचेना. १६६८ साली त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली. पौंड हे इंग्रजांचे नाणे. बेटावरच्या कोळ्यांना यातले कोणी काही विचारले नाही.

पुढे समुद्र हटवायचे काम सुरू झाले. मुंबई आणि वरळी यांच्यामधून समुद्र आत शिरे. तेथे १७८४ च्या सुमारास मोठा बांध घालून वाट बंद केली. बांध सारखा ढासळत होता आणि समुद्रातून देवीच्या मूर्ती काढल्यावर तो टिकला, अशी गोष्ट महालक्ष्मीच्या देवळात सांगतात. टेकड्या फोडून, दगडमाती टाकून सात बेटांचे एक बेट झाले. १८४५ साली माहीम ते वांद्रे रस्ता बांधला, त्याला जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी पैसा दिला.

बेट तयार झाले, पण शहर मोठे झाले ते बंदरामुळे आणि कापसामुळे. तो कापूस कोणाचा? बराचसा आपल्या वऱ्हाडाचा. पूर्वी तो बैलांच्या पाठीवर लादून महिनोन्‌महिने चाले. १८५३ साली मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली आणि १८६७ साली ती नागपूरला पोचली. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. इकडे भाव असे चढले, की मुंबईचे व्यापारी बघता बघता लक्षाधीश झाले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि पुष्कळांचे दिवाळे निघाले. कापसाचा भाव दूरच्या लढाईने वर-खाली होतो, हे तुम्हाला आम्ही काय सांगावे!

मग मुंबईत गिरण्या निघाल्या. कोकणातून, घाटावरून माणसे येऊन तेथे राबली. जमशेटजी टाटांनी मात्र कापूस पिकतो तेथेच गिरणी हवी असे ठरवून १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. आज ती गिरणीही नाही आणि १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या बहुतेक गिरण्याही राहिल्या नाहीत.

आता त्या दादांच्या प्रश्नाकडे वळू. स्वातंत्र्यानंतर भाषेप्रमाणे राज्ये करायचे ठरले. मराठी बोलणाऱ्यांचे एक राज्य व्हावे, हे ठीक. पण मुंबई कोणाला द्यायची? काही जण म्हणाले, तेथे नाना भाषांचे लोक राहतात, व्यापारात गुजराती आणि पारशी लोकांचा पैसा आहे, म्हणून मुंबई वेगळी ठेवावी. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी रेडिओवरून सांगितले, की मुंबईचा कारभार दिल्ली पाहील. लोक रस्त्यावर आले. त्याआधीही नोव्हेंबरात गोळीबार झाला होता, आता पुन्हा झाला. चिंतामणराव देशमुख तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते. त्यांनी या प्रश्नावर मंत्रिपद सोडले.

आमचा जन्म यानंतरचा. पण आमचे वडील नागपुरात सरकारी कचेरीत कारकून होते. नागपूर १८६१ पासून राजधानी होते, आधी मध्य प्रांताची, मग जुन्या मध्य प्रदेशाची. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ, मराठवाडा, गुजरात आणि मुंबई मिळून एक मोठे राज्य झाले आणि नागपूरची राजधानी गेली. कचेरीतल्या कोणाला भोपाळचा हुकूम आला, कोणाला मुंबईचा. वडिलांना मुंबईचा आला. ते सांगत, "चाळीत दहा बाय दहाची खोली, आणि नळाला पहाटे चारला पाणी." दोन वर्षांनी बदली करून घेऊन ते परत आले. मुंबई महाराष्ट्राची झाली याचा त्यांना आनंदच होता. नागपूर लहान झाले याचे दुःखही जन्मभर होते. दोन्ही खरे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. हिवाळ्यात विधानसभा नागपूरला भरते, ती त्या जुन्या मानाची आठवण.

मुंबई वेगळी झाली असती तर काय झाले असते? याचे थोडेसे उत्तर दूरच्या सिंगापुरात पाहायला मिळते. तेही बेट, तेही बंदर. १८१९ पासून इंग्रजांनी ते वाढवले. आपल्या नेताजींनी १९४३ साली आझाद हिंद सरकार तेथेच स्थापन केले. इंग्रज गेल्यावर १९६३ साली सिंगापूर शेजारच्या मलेशिया देशात सामील झाले. पण चिनी आणि मलय लोकांत दंगे झाले, पुढाऱ्यांचे पटेना, आणि ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर वेगळे झाले. तेथील पंतप्रधान ली क्वान यू यांना ही बातमी सांगताना रडू आवरले नाही. लोक स्वातंत्र्य मिळाले की नाचतात, हा गृहस्थ रडला!

रडण्याचे कारण होते. शेती फारशी नाही, खाण नाही, प्यायला पुरेसे पाणी नाही. सारा देश आज सुमारे ७३५ चौरस किलोमीटरचा. आपल्या नागपूर जिल्ह्यात असे तेरा देश मावतील. त्यातही बरीच जमीन समुद्रात भर घालून काढलेली. तेवढ्यात सुमारे ६० लाख लोक राहतात. मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी या चारही भाषा तेथे सरकारी आहेत. बंदर चालवून, कारखाने काढून त्यांनी पैसा मिळवला. बहुतेक लोक सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. शिस्त कडक आहे. १९५९ पासून एकच पक्ष राज्य करतो आणि सरकारविरुद्ध बोलणे सोपे नाही. आम्हाला त्यांची घरे आवडली, ही गोष्ट मात्र आवडली नाही.

पाण्याचे त्यांनी काय केले ते पाहा. मलेशियाशी १९६२ साली करार केला, तो २०६१ पर्यंत चालेल. त्याप्रमाणे परदेशातून नळाने पाणी येते आणि त्याचे पैसे मोजावे लागतात. करार संपला तर काय, ही धास्ती आहेच. म्हणून ते छपरावरचे, रस्त्यावरचे पावसाचे पाणी तलावांत साठवतात. २००३ पासून सांडपाणी शुद्ध करूनही वापरतात.

मुंबईचे पाणीही बाहेरून येते. आधी १८६० साली जवळच विहार तलाव बांधला. तो पुरेना, म्हणून १८९२ साली ठाणे जिल्ह्यात तानसा झाला. मग वैतरणा, भातसा. आता रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मुंबईला जाते. मोठे नळ शहापूर तालुक्यातून जातात. त्याच शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. धरण त्यांच्या उशाशी, आणि बाया हंडा घेऊन मैलभर चालतात. सिंगापूर पाण्यासाठी परक्या देशाशी करार करते. मुंबईला तसे करावे लागले नाही, कारण ठाणे आणि मुंबई एका राज्यात राहिले. पाड्यावरच्या लोकांशी करार कोणी केला?

हे वाचून दाखवले तेव्हा पारशिवनीकडच्या एक बाई म्हणाल्या, "गुर्जी, आमच्या पेंचचं पाणी नागपूरले जाते, अन् आमच्या कालव्याले कधी येते, कधी येत नाही. मंग नागपूर बी बेटच झालं की!"

बाईंचे म्हणणे आम्ही फळ्यावर लिहून ठेवले आहे. पुढचा पाठ पेंच धरणाचा. येताना प्रत्येकाने आपल्या गावचे पाणी कोठून येते आणि ते कोठे जाते, हे चार ओळींत लिहून आणावे.